गोमाजीची गोळी आणि पेंगलेला तलाव

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचताना कान जरा सांभाळून बसता येईल. अड्याळच्या बाजारचौकात माझं मेडिकल होतं. मी काउंटरवरून "जेवल्यावर घ्या हो!" असं ओरडले की रस्त्यापलीकडे चहा पिणारी धडधाकट माणसंसुद्धा घाईघाईनं डबा उघडायची. एकदा एक काका दुकानाच्या पायरीवरच खोकल्याच्या औषधाची बाटली तोंडाला लावून रिकामी करायला निघाले. मी "थांबा!" म्हणून गर्जले. पवनीकडे निघालेली बस करकचून थांबली, आतले प्रवासी एकमेकांच्या मांडीवर आले. काका मात्र थांबले नाहीत. त्यांना ऐकू कमी यायचं.

आता दुकान सून सांभाळते. तिचा आवाज मंजुळ आहे. गिऱ्हाईक खूश आहे. औषधं मात्र भलत्या वेळी घेत असणार, असा माझा पक्का संशय आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेडिकलवालीचं काम ते काय? चिठ्ठी बघायची, फळीवरून पाकीट काढायचं, पिशवीत टाकायचं. अहो, एवढं तर माझ्या दुकानातली मांजरही करायची, फक्त तिला डॉक्टरांचं अक्षर लागायचं नाही. खरं काम पाकीट हातात दिल्यावर सुरू होतं. डॉक्टरांसमोर माणूस अर्धं खरं बोलतो, घरी पाव बोलतो, आणि उरलेलं सगळं माझ्या काउंटरवर, चप्पल पायात सरकवता सरकवता बोलून जातो. "नवऱ्याले गोळी आवडत नाही जी, म्हणून मी फोडून वरणात टाकतो अन् ते वरण सारेच खातो," असं एक बाई अगदी जाता जाता म्हणाली होती. त्या घरात सासूपासून नातवापर्यंत सगळ्यांचं ब्लडप्रेशर उतरलं होतं. एका गृहस्थांनी तापाची गोळी बकरीला चारली आणि वर माझ्याकडेच तक्रार घेऊन आले, की ताप गेला, पण बकरी ओरडते अजूनही.

अशा माणसांत मी आयुष्य काढलं आणि त्यातल्या एकाही दिवसाचा मला कंटाळा आला नाही. पण ज्या दिवसाची गोष्ट मी सांगत सुटते आणि ऐकणारे "बाई वाढवून सांगतात" म्हणतात, तो दिवस गोमाजीच्या गोळीचा. वाढवून सांगते, कबूल. पण वाढवायला मुळात काहीतरी असावं लागतं.

गोमाजी म्हणजे आमच्या जवळच्या एका गावातल्या तलावावरच्या मच्छीमारांचा म्होरक्या. उंच, काळाकभिन्न, आणि आवाज म्हणाल तर माझाच, फक्त मिशी लावलेला. तो तलावाच्या या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारायचा तेव्हा त्या पाळीवरचा माणूस "हो जी" म्हणायचा आणि मधले मासे नुसतेच खाली जायचे.

हा गोमाजी एका सकाळी दुकानात आला तो उघडाच. सदरा हातावर टाकलेला, झेंडा उतरवून आणावा तसा.

"गोमाजी, हे काय? बाजारात उघडे?"

"सदरा घालता येत नाही जी बाई. नागीण झाली होती ना. ते गेली, पण शेपूट आतच ठेवून गेली. कपडा लागला का बरगडीत इंगळ पेटते. पंख्याची हवा लागली तरी बोंबलतो मी. दोन महिने झाले, जाळं फेकलो नाही."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून चिठ्ठी दिली होती. गॅबापेंटिन. मी पाकीट काढून ठेवलं, तेवढ्यात मागं उभे असलेले एक मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "अहो, ही तर मिरगीची गोळी."

झालं! गोमाजीचा चेहरा पडला. दुकानात गर्दी होती. मिरगी हा शब्द आमच्याकडे दुकानातून निघाला की गिऱ्हाइकाच्या आधी गावात पोचतो.

"मले मिरगी थोडीच हाय?" गोमाजी जवळजवळ रडायला आला. "बाई, पोरीची सोयरीक चालू हाय माझ्या."

"गोमाजी, तुमच्या तलावावरच्या मोटरची वायर उंदरानं कुरतडली होती, आठवते?"

"हो जी. हात लावला का झटका."

"मोटर चांगली, पाणी चांगलं, वायर तेवढी उघडी. नागिणीनं तुमच्या बरगडीतली वायर तशीच खाल्ली आहे. कपडा लागला की ती चिटचिट करते. मिरगीत हीच चिटचिट डोक्यात होते, एकदम, सगळीकडे. हे औषध दोन्हीकडची चिटचिट दाबते. औषध एक, बिमाऱ्या दोन. आणि मास्तर, मिरगी असली तरी तो काही गुन्हा नाही. गोळी नेमानं घेणारी पोरं माझ्या गिऱ्हाइकांत आहेत, त्यातली एक तुमच्याच शाळेत पहिली येते."

मास्तरांनी चष्मा खाली घेतला. गोमाजीनं पाकीट उचललं. मग मी माझं भाषण सुरू केलं. ते मी प्रत्येकाला द्यायचे, गिऱ्हाईक हो म्हणो वा पळो.

"रोज ठरल्या वेळी, पेलाभर पाण्यासोबत, अख्खी गिळायची. पुढं माप वाढवायचं ते डॉक्टर वाढवतील. तुम्ही नाही."

"अन् विसरलो तं?"

"आठवल्यावर घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ होतच आली असेल, तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत."

"अन् मोहाची थोडी..."

"गोमाजी!"

"नाही जी, इचारलो फक्त."

"याच्यावर दारू म्हणजे झोपेवर झोप. आणि हो, सुरुवातीला गुंगी येईल, चक्कर येईल. औषध अंगवळणी पडेपर्यंत तलावात डोंग्यात उभं राहून वल्हवायचं नाही."

"मी डोंग्यातच जलमलो जी."

"मग मरायला दुसरी जागा शोधा. ॲसिडिटीचं ते पांढरं पातळ औषध घेता ना तुम्ही? ते आणि ही गोळी एकाच वेळी नाही. आधी ते घ्या, दोन तास जाऊ द्या, मग ही. नाहीतर ते पांढरं औषध पोटातच हिची वाट अडवतं. अंगावर पुरळ आलं, श्वास जड झाला, मन काळवंडून जीव नकोसा वाटला, तर तडक डॉक्टर. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही."

"बरं वाटल्यावर कायले खाऊ?"

"कारण तुमच्या वायरीला तिची सवय झालेली असते. एकदम काढून घेतली की घाम, तळमळ, झोप उडते, आणि मिरगीवाल्याला तर झटकाच येतो. डॉक्टर थोडी थोडी कमी करत सोडवतील. आणि शेवटचं. ही गोळी कोणालाच द्यायची नाही. तुमची किडनी बघून तुमच्या मापानं दिलेली आहे."

"मी कोणाले कायले देईन जी?" गोमाजी म्हणाला, आणि मागं न बघता हातातली खर्र्याची पन्नी मागच्या माणसाला दिली.

हे मी तेव्हाच हेरायला पाहिजे होतं, असं लोक म्हणतात. पण आमच्याकडे कोण हेरणार? विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला. एकानं पन्नी उघडली की शेजाऱ्याचा हात आपोआप आत जातो, मग त्याच्या शेजाऱ्याचा. नाही म्हणणं हा अपमान. न विचारणं त्याहून मोठा. कॅन्सरचं पोस्टर मी दुकानात लावलं होतं, त्याच्यासमोर उभे राहून लोक खर्रा वाटायचे आणि म्हणायचे, "फोटो भल्ला खराब काढला जी." आमच्या तोंडाची वाट लावणाऱ्या या पन्नीनं आम्हांला एकच गोष्ट शिकवली: जे खिशात आहे, ते साऱ्यांचं आहे.

काही आठवड्यांनी गोमाजी आला तो सदरा घालून. पांढरा, कडक इस्त्रीचा. बटणं गळ्यापर्यंत.

"बाई, बघा!" आणि त्यानं माझ्यासमोर बरगडीवर थाप मारून दाखवली. "सदरा लागते अन् कायबी होत नाही! रात्री बायको म्हणे, आता तं काढा. मी म्हटलो, नाही काढत!"

मी त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. बाजारातल्या सगळ्यांना सांगितलं. गोमाजीनं तलावावरच्या सगळ्यांना सांगितलं. आणि गोमाजी सांगतो तेव्हा नुसता सांगत नाही.

पुढच्या महिन्यात पाकीट संपायला बरेच दिवस असताना तो परत दारात. मोठं जाळं लावायचा दिवस होता. तलावाचं पाणी उतरलं की वर्षातून एकदा सगळे मिळून मोठं जाळं ओढतात, त्यावर अख्ख्या वस्तीचं वर्ष चालतं. त्या दिवशी गोमाजी पाळ सोडून बाजारात यावा, हेच नवल होतं.

"गोळ्या द्या जी बाई. लवकर."

"महिन्याच्या दिल्या होत्या. गेल्या कुठं?"

गोमाजीनं वर बघितलं, खाली बघितलं. "तलावात पडल्या."

"सगळ्या?"

"पाकीटच पडलं जी. मासे पेंगून राहिले बघा, तेव्हापासून."

खोटं बोलणाऱ्या माणसाचा मी कधीच अपमान करत नाही. मी त्याच्यावर त्याच्याहून मोठं खोटं ठेवते. मी लगेच फोन उचलला.

"कोणाले लावून राहिल्या जी?"

"मासे तपासणाऱ्या साहेबांना. औषध पडलेल्या तलावातली मासोळी बाजारात विकता येत नाही, गोमाजी. आजचं जाळं थांबवा. तलाव सील होईल."

असा कोणी साहेब मला ठाऊक नव्हता. फोन माझ्या बहिणीला लावला होता आणि ती उचलत नव्हती.

"तलावात नाही जी! तलावात नाही पडल्या!" गोमाजीनं काउंटरवरून अर्धं अंग आत घातलं. "सारे मागून राहिले ना. कोणाची पाठ दुखते, कोणाचा गुडघा. मी म्हटलो, घ्या. आज जाळ्याचा दिवस, सारे ताजे पाहिजे, म्हणून सकाळी सारेच घेतले. आता माझ्याच वाट्याले एकबी उरली नाही."

आता माझी पंचाईत बघा. गोळी दिली तर परत वाटणार. नाही दिली तर याची एकदम बंद होणार, आणि ते भाषण मीच दिलेलं. मी या वेळी खरा फोन डॉक्टरांना लावला. डॉक्टर म्हणाले, याच्यापुरत्या चार दिवसांच्या द्या, उद्या मला भेटायला पाठवा, आणि आणखी कोणी घेतल्या ते बघा. मी मोजून चार दिवसांच्या काढल्या, एक त्याला समोरच पाण्याबरोबर गिळायला लावली आणि उरलेल्या माझ्या पर्समध्ये टाकल्या. तो तोंड पुसत होता. मी सहज विचारलं, "सारे म्हणजे कोण कोण?"

तो नावं घेत गेला. आणि शेवटी म्हणाला, "अन् आमचा बकाराम."

बकाराम म्हणजे गोमाजीच्या बहिणीचा, अनुसयेचा नवरा. त्याच्या किडन्या अर्ध्याहून जास्त गेलेल्या. त्याच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या, म्हणून मला ठाऊक. गॅबापेंटिन शरीरातून बाहेर पडतं ते किडनीवाटे. गोमाजीच्या अंगातून ते वाहत्या नाल्यासारखं निघून जातं. बकारामच्या अंगात बंद मोरीसारखं तुंबत जातं.

मी शटर ओढलं. भर बाजाराच्या दिवशी! आमच्या चौकात ग्रहण लागलं तरी माझं मेडिकल उघडं असायचं. लोकांना वाटलं, बाई गेल्या. दोघं तर हार आणायला निघाले म्हणे. मी गोमाजीला स्कुटीच्या मागं बसवलं आणि निघाले. ती स्कुटी माझ्या आणि गोमाजीच्या मिळून वजनाखाली जी रडली, ती आजतागायत रडते.

तलावावर पोचलो तर असं दृश्य आयुष्यात पाहिलं नाही. मोठं जाळं अर्ध्यावर आलेलं, दोर धरलेली माणसं गुडघाभर पाण्यात उभी आणि एकजात डोलत होती. एक जांभई या टोकाला सुरू व्हायची आणि दोरावरून त्या टोकापर्यंत जायची. पाळीवरचे बगळेही एका पायावर उभे राहून पेंगत होते, आणि त्यांनी तर काही खाल्लंही नव्हतं. जाळ्याचा वरचा काठ सैल पडून पाण्याखाली गेला होता, आणि रोहू, कतला त्यावरून आरामात निघून चालले होते. एक मोठा कतला जाता जाता मागं वळून बघत होता, आपलं काही राहिलं तर नाही ना, अशा चेहऱ्यानं.

"बकाराम कुठं आहे?" मी ओरडले. बगळे उडाले.

जांभळाच्या झाडाखाली जुन्या जाळ्यांच्या ढिगावर बकाराम झोपला होता. अनुसया त्याच्या उशाशी लिंबू पिळत बसली होती.

"चढली जी बाई त्याले," ती वैतागून म्हणाली. "सकाळीच घेऊन बसला. आता लिंबू पाजतो, नाही उठला तं तलावातच बुचकळतो."

"तोंडात काही घालू नको!"

मी गुडघ्यावर बसले. हाक मारली. माझी हाक, हं! नाही उठला. खांदा हलवला, खांद्याचं मांस चिमटलं. नुसता घशात घुरघुरला. ओठ निळसर. आणि श्वास... एक आला. मग काहीच नाही. मी वाट बघत बसले, आणि त्या मधल्या वेळात मला माझं लग्न, बाळंतपण, दुकानाचं उद्घाटन सगळं आठवून झालं. मग दुसरा आला.

इथं मात्र मी काही वाढवून सांगत नाही.

आम्ही त्याला कुशीवर वळवला, मान जरा मागं, तोंड खालच्या अंगाला, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, पाळीवरचा रस्ता खचलेला आहे, गाडी तिकडून येणार नाही, पलीकडच्या डांबरी रस्त्यावर येतो. पलीकडे म्हणजे तलावाच्या त्या काठाला. पाळीनं फिरून जायचं तर बकारामच्या त्या श्वासांवर भरवसा ठेवावा लागला असता. मी नसता ठेवला.

"दोन डोंगे बांधा एकाला एक!" गोमाजी गरजला. दोन डोंगे आले, वर जाळ्यांच्या घड्या टाकल्या, बकारामला कुशीवर निजवला. चार गडी वल्ही घेऊन पुढं झाले. त्यातला एक वल्हं हातात घेऊन उभ्या उभ्या घोरत होता.

"ज्यानं ज्यानं गोमाजीची गोळी खाल्ली, त्यानं वल्ह्याला हात लावायचा नाही!" मी ओरडले. "मध्ये डोंगा कलंडवाल!"

मग एक मागं सरकला. मग दुसरा. मग एकेक करत अख्खी पुरुषमंडळी मागं सरकली. तलावाकाठी पुरुष म्हणून वल्हवायला कोणी उरलंच नाही. जाळ्याच्या दिवशी बाईमाणसानं डोंग्यात पाय ठेवायचा नाही, अशी त्या तलावाची रीत होती. का होती, कोणालाच ठाऊक नव्हतं, पण होती.

अनुसयेनं लिंबू फेकलं. लुगड्याचा काष्टा खोचला. "सरका," म्हणाली, आणि वल्हं उचलून डोंग्यात उतरली. तिच्या मागं तिची जाऊ, मग शेजारची, मग गोमाजीची बायको. पाळीवर एक म्हातारा "अवो, रीत..." एवढंच म्हणाला. गोमाजीच्या बायकोनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो खाली बसला.

मी चढले. मला पोहता येत नाही, आणि आयुष्यात एवढी एकच खंत मी बाळगून आहे. मी बसले तेव्हा दोन्ही डोंग्यांनी खाली जाऊन एकमेकांकडे बघितलं. गोमाजी बकारामच्या पायाशी बसला.

त्या बायकांनी जो डोंगा हाणला! मोटारबोटी मी पाहिल्या आहेत, गोसीखुर्दच्या धरणात फिरणाऱ्या. त्या मागं पडल्या असत्या. पाण्याला दोन्हीकडे चर पडले होते, ते अजून बुजले नाहीत असं काही लोक म्हणतात, मी नाही म्हणत. मी बकारामच्या हनुवटीला हात लावून श्वास ऐकत होते आणि दर श्वासाला "घे! अजून एक घे!" म्हणून ओरडत होते.

"गोमाजी," मी म्हटलं, "पलीकडे डॉक्टरांना सांगावं लागेल. किती दिल्या?"

"एकच देलो जी."

मी बकारामच्या निळ्या ओठांकडे बोट दाखवलं.

"त्यानं दारू पिली म्हणून झालं हे," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "गोळीनं काय होते? मले तं बरं वाटलं."

समोर वल्हवणाऱ्या अनुसयेनं मान वळवली नाही. वल्हंही थांबवलं नाही. "दादा," एवढंच म्हणाली, "तू माझा भाऊ हायेस ना?"

गोमाजी वस्तीचा म्होरक्या. त्याच्या शब्दावर जाळं लागायचं, उठायचं. आणि समोर पाठमोरी बहीण त्याचं पाप वल्हवत होती.

"काल रात्री दोन देलो," तो म्हणाला. आवाज एवढासा. मिशीतून बाहेर येईना. "आज सकाळी दोन. मंग म्हणे, पाठ दुखतेच, तं अजून दोन. संगं मोहाची घेतलोच आम्ही."

"किती?"

"थोडी."

"गोमाजी, थोडी म्हणजे?"

"आमची थोडी जी. तुमची नाही."

पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स उभी होती. डोंगा टेकायच्या आधीच मी ओरडून सगळं सांगितलं: गॅबापेंटिन, इतक्या, या वेळेला, वर दारू, किडनी खराब, रोजच्या गोळ्या या या. गाडीतला पोरगेला डॉक्टर म्हणाला, "बाई, मी इथंच आहे, हळू बोला." पण लिहून घेतलं त्यानं सगळं. आणि त्यानंच पुढं सांगितलं, की नुसती दारू समजून ठेवलं असतं आणि किडनीचं कळलं नसतं, तर उपचाराची दिशाच चुकली असती. दवाखान्यात त्याला श्वासाला आधार दिला, मशीनवर रक्त धुऊन तुंबलेलं औषध बाहेर काढलं. बाकीच्यांची गुंगी संध्याकाळपर्यंत आपोआप उतरली.

दुसऱ्या दिवशी बकारामनं डोळे उघडले. अनुसया बाजूला, गोमाजी दाराशी, मी मधोमध, नेहमीप्रमाणे. बकारामचं पहिलं वाक्य: "जाळ्यात किती आली मासोळी?"

"काहीच नाही आलं," अनुसया म्हणाली. "तूच तेवढा आला."

आणि मग ती रडली. मीही रडले. मी रडले तेव्हा नर्स धावत आली, तिला वाटलं कोणीतरी गेलं.

जाळं आठवड्यानं परत लावलं. त्याआधी गोमाजीनं सगळ्यांना पाळीवर बोलावलं. मला वाटलं, भाषण मी देणार. पाणी पिऊन, घसा साफ करून गेले होते. पण तोच उभा राहिला. एका हातात झिंग्यांचं बारीक जाळं, दुसऱ्या हातात मोठ्या मासोळीचं.

"या झिंग्याच्या जाळ्यानं कतला ओढशील?" त्यानं एकाला विचारलं.

"फाटन ना गा."

"अन् कतल्याच्या जाळ्यात झिंगा?"

"निसटून जाईन."

"मंग जाळ्याले माप लागते, हे तुमाले समजते. गोळीलेबी लागते, हे मले नाही समजलं. माझं माप मी दुसऱ्याच्या अंगावर टाकलो. माझ्या बहिणीचं कुंकू पुसत होतो मी." थोडा थांबला. "यापुढं खिशातला खर्राबी बंद. मागाचा नाही."

खर्रा बंद वगैरे काही झाला नाही, एवढं सांगायला पाहिजे. दिवाळीपर्यंत पन्नी परत निघाली. पण गोळी नाही निघाली. एकाचीही नाही. ब्लडप्रेशरची नाही, तापाची नाही. उलट, गावातून कोणी दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन दुकानात आला तर मागचाच माणूस ओरडायचा, "ज्याची हाय त्याले आण!" माझ्या धंद्याचं थोडं नुकसान झालं त्यात. चालतं.

गोमाजीची गोळी डॉक्टरांनी पुढं थोडी थोडी कमी करत सोडवली. घाई नाही, तळमळ नाही. शेवटची गोळी त्यानं माझ्या दुकानात येऊन, माझ्यासमोर, पेलाभर पाण्याबरोबर घेतली. रिकामी पट्टी मला दाखवली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि थाट असा केला, जणू तलावच विकत घेतला.

पुढच्या वर्षी मोठ्या जाळ्याला मला मुद्दाम बोलावणं आलं. पाळीवर खुर्ची मांडली होती. डोंग्यात अनुसया उभी, हातात वल्हं, दोन्हीकडे बायका. ती रीत त्या दिवशी तलावात बुडाली ती वर आलीच नाही. बकाराम काठावर बसून दोर मोजून देत होता, बाटलीबंद पाणी पीत आणि सगळ्यांवर ओरडत. जाळं वर आलं तेव्हा मासोळी एवढी, की तलाव हलका होऊन दोन बोटं वर आला. विचारा कोणालाही.

तेवढ्यात गोमाजीचा एक पाहुणा, दिघोरीचा, कमरेवर हात ठेवून कण्हत पुढं आला. "भाऊजी, तुमची ते जादूची गोळी म्हणतात, एखादी असन तं द्या ना जी. कंबर भल्ली धरली."

अनुसयेनं डोंग्यात वल्हं उचललं, पाण्यातून अर्धं वर. बकारामच्या हातातला दोर थांबला.

गोमाजीनं वाकून जाळ्यातला सगळ्यात मोठा रोहू उचलला आणि पाहुण्याच्या दोन्ही हातांत ठेवला. "मासोळी माग, देतो," म्हणाला. "घरी नेऊन सारे मिळून खा. गोळी मागू नको. ते डॉक्टरजवळ जाऊन आपल्या मापाची आण."

सगळ्या पाळीनं एकदम जल्लोष केला. माझं अख्खं भाषण त्या माणसानं तेवढ्यात उरकलं होतं. मला बोलायला काही शिल्लकच नव्हतं.

तरी मी खुर्चीवर उभी राहिले आणि ओरडले, "पेलाभर पाण्यासोबत!"

पलीकडच्या डांबरी रस्त्यावरून पवनीची बस चालली होती. तिनं ब्रेक मारला.